परंपरा ऑर्डर देऊन घडवता येते का?

मक्याचं_कणीस (धागाकर्ता)
भाचा अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका छोट्या कॉलेजात शिकतो. शेजारच्या कॉलेजशी दरवर्षी फुटबॉलचा सामना होतो (त्यांचा फुटबॉल, हातात धरून पळायचा). यंदापासून जिंकणाऱ्याला एका शिल्पकाराने हाताने घडवलेलं शिल्प मिळणार, फिरत्या ढालीसारखं. पत्रकात ठळक अक्षरांत 'आमची नवी परंपरा'. पहिला सामना अजून व्हायचाय! बारशाआधीच सहस्रचंद्रदर्शन.

मी आयोवात राहतो, 2011 चा तमाशा डोळ्यांनी पाहिलाय. आयोवा आणि आयोवा स्टेट या दोन विद्यापीठांच्या सामन्याचा साय-हॉक करंडक 1977 पासूनचा. मका उत्पादकांच्या संघटनेने प्रायोजक म्हणून नवा आणला: गुडघा टेकलेला शेतकरी, बायको, पोरं आणि मध्ये कणसांची टोपली. खेळाशी काय संबंध? लोकांनी इतकी टर उडवली की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. शिल्प विकत मिळतं, परंपरा मिळत नाही. बोला.

हातोडा
कणीसराव, राहता आयोवात आणि डुक्कर विसरलात? आयोवा-मिनेसोटा सामन्याचं 'फ्लॉइड ऑफ रोझडेल', ते डुकराचं शिल्प, ऑर्डर देऊनच केलंय की!

1934 च्या सामन्यात मिनेसोटाच्या खेळाडूंनी आयोवाच्या ऑझी सिमन्सला, संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, इतकं बडवलं की त्याला मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी आयोवाचे गव्हर्नर हेरिंग बोलून गेले की पंचांनी असली दांडगाई चालवून घेतली तरी प्रेक्षक घेणार नाहीत. वातावरण तापलं. मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून पैज लावली, हरणाऱ्याने एक डुक्कर द्यायचं. मिनेसोटा 13-6 ने जिंकलं आणि हेरिंगसाहेब जिवंत डुक्कर घेऊन ओल्सनच्या कचेरीत! मग चार्ल्स ब्रिओस्की या शिल्पकाराकडून त्याची ब्राँझ मूर्ती करून घेतली. वजन 98 पौंड, म्हणजे जवळपास 44 किलो. आजही पोरं जिंकली की आधी त्या डुकराकडे धावतात.

मी स्वतः ओतकाम करतो. साचा, मेण, भट्टी, घासकाम, महिनोन्‌महिने जातात. 'ऑर्डरचं' म्हणून नाक मुरडू नका. देवळातली मूर्तीसुद्धा कुणीतरी ऑर्डर दिल्यावरच घडते.

मक्याचं_कणीस
डुक्कर विसरेन कसा! पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. भांडण आधी, पैज नंतर, मूर्ती सगळ्यात शेवटी. भाच्याच्या कॉलेजात मूर्ती आधी आलीय आणि भांडणाचा पत्ता नाही. आणि देवळातल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करावी लागते, हेही सांगा की.

पर्ड्यूची_माहेरवाशीण
भांडण आधीच हवं असं कुठे लिहिलंय? आमची 'ओल्ड ओकन बकेट' घ्या. पर्ड्यू आणि इंडियाना यांचे सामने आधीपासून चालू होते, पण 1925 साली शिकागोतल्या माजी विद्यार्थ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की काहीतरी चिन्ह हवं, आणि दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरची जुनी लाकडी बादली आणली. चक्क समितीचा निर्णय! जिंकणारा दरवर्षी बादलीच्या साखळीला आपल्या अक्षराची कडी जोडतो, पी किंवा आय. बादलीसाठीचा पहिलाच सामना 0-0 सुटला, म्हणून पहिली कडी आयपी. मी शिकत असताना एका मुलाने मला ती साखळी दाखवून कुठली कडी कुठल्या सामन्याची ते सांगितलं होतं. पोथी वाचावी तसं.

माझा प्रश्न वेगळाय. या नव्या शिल्पात दरवर्षी भर घालायला जागा आहे का? गुळगुळीत, पूर्ण झालेली कलाकृती कपाटात जाते.

मधली_सुट्टी
आणि आपोआप उगवलेल्या परंपरेचं काय होतं तेही ऐका. 2014 मध्ये मिनेसोटाचा शुभंकर आणि नेब्रास्काच्या प्रशिक्षकाच्या नावाने चालणारं एक विडंबन खातं यांची ट्विटरवर थट्टा चालली होती. त्यातून पाच डॉलर आणि मोडक्या खुर्चीची पैज लागली. खुर्ची खरंच बनवली गेली. तो सामना मिनेसोटाने जिंकला, पुढचा नेब्रास्काने. लोक वेडे झाले होते, पण विद्यापीठांनी ती अधिकृत मानलीच नाही, आणि खुर्ची नजरेआड झाली. म्हणजे नुसतं भांडण, नुसता विनोदही पुरत नाही. कॉलेजचा हात लागतोच.

निमूट
पुण्यात आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांना 'अरे आव्वाज कुणाचा' करून घसा फोडलेला मी. करंडक दिसतो कसा, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

हातोडा
निमूट, आमच्या पोटावर पाय!
माहेरवाशीणबाई, तुमचं पटलं. मी असतो तर चौथरा मुद्दाम मोठा आणि कोरा ठेवला असता, दर साली एक पट्टी ठोकायला. कणीसराव, भाच्याला विचारा, चौथरा कसा आहे?

मक्याचं_कणीस
विचारलं. म्हणाला, "मामा, चौथरा संगमरवरी आहे, आणि त्यावर देणगीदाराचं नाव आहे."