इंग्रजी अध्यापनावरचं संशोधन: प्रश्नावली पुरे, आता वर्गात बसा

खाडीकाठ:
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंग्रजी अध्यापनावर पीएचडी करणाऱ्यांना मी मार्गदर्शन करते. माझं ठाम मत आहे की नुसत्या प्रश्नावलीवरचा प्रबंध गाईडने पुढे पाठवूच नये. दोनशे फॉर्म वाटायचे, 'इंग्रजीची भीती वाटते का? होय/नाही' विचारायचं, टक्केवारी काढायची आणि शेवटी 'शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे' अशी शिफारस. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून मी हीच शिफारस वाचतेय.

माझ्या एका विद्यार्थिनीने देवगडकडच्या एका शाळेत आठवीचा तास रेकॉर्ड केला. शिक्षकांनी फॉर्मवर लिहिलं होतं, 'वर्गात ८० टक्के इंग्रजी बोलतो.' रेकॉर्डिंगमध्ये अर्धंही नव्हतं. पण खरी गंमत पुढे आहे. सरांनी इंग्रजीत विचारलं, कोळ्याला काय दिसलं? वर्ग चिडीचूप. मग तेच मालवणीत विचारलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'ही सी अ बोट.' सरांनी तिला न टोकता फळ्यावर 'ही सॉ अ बोट' लिहिलं. मराठीत आर्टिकल (इंग्रजीतले नामाआधीचे 'अ', 'द') नसतं, तरी तिने 'अ' बरोबर जागी घातला, अडलं ते फक्त भूतकाळाशी. हे कुठल्या फॉर्मवर उमटणार आहे?

दोडामार्गकर:
ताई, तुमचं पटतं, पण करायचं कोणी? मी कॉलेजात शिकवतो, पीएचडी अर्धवेळ. आठवड्याला अठरा तास, वर परीक्षा आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. एक तास ऐकून उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात, त्यात मालवणी-मराठी-इंग्रजीची सरमिसळ असली की आणखी. मुलांचं रेकॉर्डिंग म्हणजे मुख्याध्यापकांची परवानगी, प्रत्येक पालकाची सही. पावसात घाट बंद झाला की सगळंच ठप्प. प्रश्नावलीने मी चाळीस शाळांपर्यंत पोचतो. आणि मुलाला इंग्रजीची धास्ती का वाटते, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही, ते त्याला विचारावंच लागतं.

सड्यावरून:
दोडामार्गकर, चाळीस शाळा कशाला? तुमच्याकडे तुमचा स्वतःचा वर्ग आहे की! कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडलं की विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात भाषा कशी रचली जातेय याचा पुरावा. १९७२ मध्ये सेलिंकर या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या त्या भाषेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. आपली मुलं 'आय टोल्ड टू हिम' म्हणतात, कारण 'त्याला सांगितलं' मधला 'ला' त्यांना इंग्रजीतही दिसायला हवा असतो. एका वर्षाच्या निबंधांच्या वह्या जपून ठेवल्या तरी प्रबंधाचा ऐवज झाला. त्याला घाट चढावा लागत नाही.

दोडामार्गकर:
आणि व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, परीक्षक म्हणतात, 'सॅम्पल फारच लहान.' मग गाईड उभे राहतात का आमच्यामागे? माझ्या ओळखीतल्या एकाला गाईडनेच वर्गनिरीक्षण सोडून फॉर्म भरून घ्यायला लावले, परीक्षक नाराज होतील म्हणून. दोन वर्षांचं काम वाया गेलं. दोष फक्त विद्यार्थ्याच्या पदरात टाकू नका.

खाडीकाठ:
हा दोष आमचाच आहे, मान्य. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार पीएचडीचे विद्यार्थी. हा आकडा पूर्ण भरण्याची घाई केली की कुणाच्या वर्गात जाऊन बसायला वेळ उरत नाही. म्हणून मी तीनच घेते. प्रत्येकाच्या पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर असते आणि पहिल्या रेकॉर्डिंगची दहा मिनिटं आम्ही दोघं शेजारी बसून उतरवतो. 'ही सी अ बोट' तशाच बसण्यात सापडलं. मुलगी इतकी हळू बोलली होती की पहिल्यांदा ऐकताना निसटलंच होतं.

भीतीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पण त्यासाठी होय/नाहीचा फॉर्म नको, तासानंतर त्याच मुलांशी त्यांच्या बोलीत गप्पा मारा.

दोडामार्गकर:
वह्यांचं सुचवणं मी घेतो, जूनपासून ठेवायला लागतो. गप्पाही मारेन. प्रश्नावली मात्र मी सोडणार नाही, पंधराच प्रश्न ठेवेन. तेवढं तुम्ही पास करा, ताई.