दर महिन्याला गॅस भरतोय तरी एसी थंड होईना; जुन्या जीपची गळती शोधायची कुठं?

गोदाकाठ (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची, डिझेल, सात सीटर. आम्ही जीपच म्हणतो. १ लाख ९२ हजार किलोमीटर पळाली आहे. पुढं एसी आहे आणि मागच्या सीटसाठी वेगळा ब्लोअर. इंजिन ठणठणीत आहे आणि नवी घ्यायची सध्या ऐपत नाही, त्यामुळं गाडी विका असं कृपा करून सांगू नका.

आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा परभणीला. जाताना सकाळ असते, पण सुटायला दीड-दोन वाजतात आणि परतीचा रस्ता मे महिन्यात नुसता भाजतो. मागच्या मंगळवारी पोखर्णीच्या पुढं तिला गरगरायला लागलं. लिंबाखाली गाडी उभी केली, ओल्या टॉवेलनं तोंड पुसलं, अर्धा तास थांबलो. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये गॅस भरला, दोन महिने टिकला. यंदा पहिल्यांदा भरला तो १९ दिवस, दुसऱ्यांदा भरला तो ११ दिवस. आता एसी लावला की कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागतो, दहा-पंधरा सेकंदांत सुटतो, परत लागतो. गाडी पळती असेल तर थोडी गार हवा, उभी राहिली की गरम.

तीन मिस्त्री झाले. पहिला म्हणतो, जुनी गाडी आहे, गॅस खाणारच. दुसऱ्यानं व्हॅक्यूम मारला, म्हणजे पाइपातली हवा ओढून घेतली, अर्धा तास काटा हलला नाही, म्हणून लीकच नाही म्हणाला. तिसरा म्हणतो कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल, नऊ-दहा हजार. मला तिसऱ्याचं पटायलंय, कारण आई बसते तिथं पायाखाली पाणी येतं, मॅट भिजतं. खोलू का डॅशबोर्ड?

---

एसीवाले मामा (लातूर)

भाऊ, डॅशबोर्ड खोलू नका. आधी त्या पाण्याचं सांगतो, कारण त्याच्यापायी तुमचे दहा हजार जायलेत.

ते पाणी गॅसचं नाही. गॅस गळला तर हवेत उडून जातो, मॅट भिजवत नाही. कॉइल गार असते, तिच्यावर हवेतली वाफ जमून थेंब होतात, आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायला पाहिजेत. त्या नळीत आपल्याकडची धूळ बसते, ओली होते, काळ्या मातीचा बोळा होतो. मग पाणी उलटं आत येतं. आईच्या बाजूनं गाडीखाली वाका, केबिनच्या पत्र्यातून बोटाएवढी नळी बाहेर आलेली दिसेल. मऊ वायर हलक्या हातानं घाला. जोर लावू नका, आत कॉइल आहे.

आता गॅस. एकवीस वर्षं मी गाड्यांच्या एसीचंच काम करायलो, आणि "जुनी गाडी गॅस खाते" हे ऐकलं की अजून राग येतो. गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, व्हॉल्व्हमधून कॉइलमध्ये सुटला की परत वायू होतो आणि जाताना केबिनची उष्णता घेऊन जातो. तोच गॅस फिरत राहतो. रबरी पाइपातून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण ११ दिवसांत जात नाही. ११ दिवसांत गेला म्हणजे भोक आहे, आणि भोक असेल तर ते सापडतं.

तुमचा क्लच टकटक करतो तो बहुतेक गॅस कमी पडल्यामुळं. दाब उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कुणी "स्विच डायरेक्ट करून देतो", म्हणजे स्विच वगळून तारा जोडतो, म्हणालं तर करू देऊ नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेल परत येत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पळून जाम होतो, आणि मग खर्च तुमच्या कॉइलच्या वर जातो.

व्हॅक्यूमवर लीक ठरवणं कच्चं काम आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत दाबते, तीही फार तर चौदा-पंधरा पाउंडानं. चालू एसीत आतून बाहेर दोनशे-अडीचशे पाउंड असतात. बारीक भोक किंवा थकलेली ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) व्हॅक्यूमला उलट घट्ट बसते. मोठी गळती कळेल, तुमच्यासारखी कळणार नाही.

नुसतं गेज लावून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावरही विसंबू नका. बंद गाडीत ३५ अंशाला दोन्ही गेज साधारण ११५ पाउंड दाखवतात, आणि आत थोडासा द्रव जरी शिल्लक असला तरी हाच आकडा येतो. गॅस किती आहे ते फक्त वजनावर कळतं.

खरी तपासणी नायट्रोजनची. उरलेला गॅस मशीननं काढून घ्यायचा, १५० पाउंड कोरडा नायट्रोजन भरायचा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. एक हिशोब लक्षात असू द्या: दुपारी ४० अंशाला भरलेले १५० पहाटे २७ अंशाला १४३ च्या आसपास दिसतात. तेवढी उतरण थंडीची, गळतीची नाही. त्याच्या खाली गेलं तर शोधायचं.

नायट्रोजन नाही म्हणून काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन भरतात. हात जोडून सांगतो, असं करू देऊ नका. आत तेल असतं, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते.

शोधायचं कुठं? डोळ्यानं सुरू करा. गॅस निघतो तिथून तेलही निघतं, त्यावर धूळ चिकटते. जिथं काळपट चिकट डाग, तिथं संशय. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला क्लचमागं, कंडेन्सरला जिथं दगड लागतात तिथं, पाइपांचे जोड, आणि गॅस भरायच्या निपलची पिन. ती पिन अगदी स्वस्त आहे, पण टोपी हरवलेली असली की धूळ बसून तीच गळते. तुमच्या गाडीला तीनदा गॅस भरलाय, पिन आधी बघा.

पण मला खरा संशय वेगळाच आहे, तुम्ही मागच्या ब्लोअरचं लिहिलंत म्हणून. त्याचे दोन अॅल्युमिनियमचे पाइप बहुतेक गाड्यांत गाडीखालून मागं जातात. पत्र्याला क्लॅम्पनं धरलेले असतात, क्लॅम्पखाली रबर. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं गाडी गेली की चाकाची काळी माती त्या रबरात घुसते आणि आत ओलीच राहते. रेणापूरकडची एक जीप माझ्याकडं आली तेव्हा तिच्या दोन कॉइल बदलून झाल्या होत्या. मालक रडकुंडीला आलेला. मी मागच्या चाकाजवळचा क्लॅम्प सोडला, रबर बाजूला केलं, तर पाइपाला पांढरी पावडर आणि सुईच्या टोकाएवढी तीन भोकं. वरून काही दिसत नव्हतं. क्लॅम्प सोडल्याशिवाय दिसतच नाही.

गाडी उभी असताना गरम होते त्याला आणखी एक कारण असू शकतं. कंडेन्सरचा पंखा लागतो का बघा, आणि कंडेन्सरच्या जाळीत भुसा-माती भरली असेल तर साध्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाती आडवी होतात.

---

चारचाकी (जालना)

एवढं कशाला? लीक-स्टॉपचा कॅन मिळतो, गॅसबरोबर सोडायचा. मी मागच्या उन्हाळ्यात टाकला, ऑगस्टपर्यंत चाललं.

---

एसीवाले मामा (लातूर)

ऑगस्टपर्यंत चाललं आणि मग? ते औषध ओल लागली की घट्ट होतं. भोकात घट्ट झालं तर ठीक, पण ते व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातही घट्ट होतं आणि पुढच्या मिस्त्रीच्या मशीनमध्येही. कॅन टाकलेली गाडी घेऊन गेलात तर मशीन लावायच्या आधी त्याला सांगा. दोन पैशांची बचत करताना त्याचं लाखाचं मशीन जाऊ नये.

---

शॉपफ्लोअर (वाळूज)

मामांच्या क्लॅम्पच्या मुद्द्याला दुजोरा. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो, आणि तो टिकायला हवा लागते. ओल्या मातीखाली, रबराच्या फटीत हवा पोचत नाही, थर तुटला की परत धरत नाही. वर क्लॅम्प लोखंडी असेल तर ओलीत दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि झिजतं अॅल्युमिनियम. म्हणून भोक मोकळ्या पाइपावर न पडता नेमकं धरलेल्या जागी पडतं.

आणखी एक, मनापासून. तुमच्या गाडीच्या एसीत आर १३४ए हा गॅस आहे. आधीच्या आर १२ नं ओझोनचा थर विरायचा, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागं पडला. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबानं एक किलो १३४ए सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. गळक्या गाडीत दर महिन्याला गॅस भरणं म्हणजे तेवढं आभाळात सोडणं. परत मराठवाड्याचाच उन्हाळा वाढणार.

---

वॉर्डातून (अंबाजोगाई)

मी डायलिसिस युनिटला सिस्टर आहे. दादा, गाडी होईल तेव्हा होईल, तोपर्यंत तिथल्या सिस्टरला सांगून पहिली पाळी मागा. कारण सांगितलं तर बहुतेक जण मदत करतात. आणि गरगरलं होतं हे डॉक्टरांना नक्की सांगा. एका वेळी पाणी किती काढायचं ते त्यांना परत बघावं लागेल. डायलिसिस संपल्यावर लगेच उठवू नका, पंधरा-वीस मिनिटं पडू द्या, बीपी बघूनच गाडीत न्या. ऊन आहे म्हणून आपल्या मनानं जास्त पाणी पाजू नका, त्यांना मोजूनच चालतं. गाडी सावलीत लावा, बसायच्या आधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा.

---

गोदाकाठ (गंगाखेड)

सिस्टर, पहिली पाळी मिळाली. आता साडेअकराला सुटका होते. डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी डायलिसिसनंतर वजन किती राहावं तो आकडा बदलून दिला. तुमचे उपकार कसे फेडू?

मामा, नळी सापडली. वायर घातल्याबरोबर आधी चिखलाची गोळी पडली आणि मागून तांब्याभर पाणी. मॅट तेव्हापासून कोरडं आहे. डॅशबोर्ड वाचला.

परभणीत नायट्रोजनवाला मिळाला. दुपारी चारला १५० भरले, रात्रभर गाडी तिथंच. सकाळी सहाला काटा ११२ वर. पिनेला, कॉम्प्रेसरला, कंडेन्सरला फेस लावला, कुठंच बुडबुडा नाही. मिस्त्री म्हणाला, मग कॉइलच. मी त्याला म्हणालो, मागच्या चाकाजवळचा क्लॅम्प सोडून बघू. तो नको म्हणत होता, बोल्ट गंजलेला होता, तुटला असता. मी म्हणालो तुटू द्या. बोल्ट तुटलाच. रबर काढलं आणि पांढरी पावडर हाताला लागली. फेस लावला, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. मामा, मी तिथंच मातीत बसलो.

---

एसीवाले मामा (लातूर)

भाऊ, जीव भांड्यात पडला. आता भोकावर एपॉक्सी लावून घेऊ नका, तो दाब धरत नाही. तेवढा तुकडा बदला. ओ-रिंग नव्या, १३४ए च्याच, बसवताना एसीचंच तेल लावून, ग्रीस नको. सर्किट उघडलं आहे म्हणजे ड्रायर नवा घालाच. त्यातले दाणे ओल धरतात, जुने भरून गेले असतील. ओल आत राहिली तर गॅसबरोबर आम्ल होतं आणि आतून खातं. पाऊण तास व्हॅक्यूम मारायला सांगा. एवढा दाब उतरला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतं. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस, वजनकाट्यावर मोजून. जास्त भरला तरी थंडी कमीच होते.

---

गोदाकाठ (गंगाखेड)

उशीर झाला लिहायला. पाइपाचा तुकडा, ओ-रिंगा, ड्रायर, तेल, ७५० ग्रॅम गॅस आणि मजुरी धरून ४,८०० झाले. आज बावीसावा दिवस. बाहेर ४२ असताना आत एसीची हवा येते त्या जाळीपाशी थर्मामीटर धरला तर ९ अंश. क्लच एकदा लागला की मिनिट-मिनिट लागलेला राहतो. काल आई पोखर्णीपासून घरापर्यंत झोपली होती, जागी झाली तेव्हा म्हणाली, जरा कमी कर रे, गार लागायलंय.

---

एसीवाले मामा (लातूर)

हे वाचून डोळे भरून आले बघा. आईंना नमस्कार सांगा. दोन कामं राहिलीत. त्या पाइपाचे बाकीचे क्लॅम्पही सोडून बघा, आणि थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी लावत जा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल पोचत राहतं.

---

गोदाकाठ (गंगाखेड)

आज रविवार होता, चारही सोडले. दोन कोरडे. तिसऱ्याच्या रबरात ओली माती होती, पण पाइप अजून गुळगुळीत आहे. चौथ्याला पांढरं धरायला नुकती सुरुवात झाली होती. फडक्यानं पुसलं, ब्रशनं साफ केलं, नवं रबर घातलं. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की परत सोडून बघणार.