आफ्रिकन व्हायोलेटचं पान कुजतंय

कुंडीवेडी: नवी रोपं करायला या फुलझाडाची तीन पानं मातीत खोचली. दोन देठापाशी काळी पडून लिबलिबीत झाली. पाणी रोज घालत होते हं!

गॅलरीवाली मावशी: रोजचं पाणीच नडलं गं. बागेची माती नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मंनिम्मं, पिळलं तर थेंब पडू नये इतकंच ओलं. देठ इंचभर ठेवून तिरका काप. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावते, वर पारदर्शक पिशवी. थेट ऊन नको.

कुंडीवेडी: तिसरं महिनाभर तसंच आहे, टवटवीत. उपटून बघू?

मावशी: खबरदार! हलकेच ओढ, अडलं तर मुळं धरलीत. पिल्लं (छोटी रोपं) यायला २-३ महिने लागतात.

रानफूल: फुलं पट्ट्यापट्ट्यांची असतील तर पानापासून बहुधा तशी येत नाहीत. मी फसलोय, सगळी एकरंगी जांभळी आली.