मदत हवी आहे: निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना तालुका बदलला. सेवापुस्तक, पदभार आणि कानडी बोलणारी मुलं

खडूफळा

नमस्कार. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, उपशिक्षिका, नेमणूक 1995 ची. जन्मतारीख 1 जून (आपल्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांची असते तीच), म्हणजे 31 मे 2029 ला निवृत्त. विशेष संवर्ग भाग 1 मधून (बदलीत प्राधान्य मिळणारा गट) विनंती बदली मागितली होती, ती मोहोळ तालुक्यातून अक्कलकोट तालुक्यात झाली. घर अक्कलकोटात आहे, त्यामुळे बदलीबद्दल तक्रार नाही.

नवी शाळा पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पट 38. सध्या मुख्याध्यापकाचा पदभार आहे त्या मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच कनिष्ठ आहेत, म्हणजे तो माझ्याकडे येणार असं दिसतं. मुलं घरी कानडी बोलतात, मला कानडीचा गंध नाही.

मोहोळ सोडण्याआधी कोणती कागदपत्रं हातात घ्यायची? पदभार घेताना काय तपासायचं? आणि पहिली-दुसरीला शिकवायला सुरुवात कुठून करायची? कार्यमुक्ती याच आठवड्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस

मॅडम, तालुका बदलला की आहरण व संवितरण अधिकारी (पगाराची बिलं काढणारा) बदलतो. तालुक्यातल्या तालुक्यात बदली झाली तर चुकलेलं नंतर दुरुस्त होतं. इथे मात्र तीन-चार वर्षांनी पेन्शन प्रकरण करताना प्रत्येक कागदासाठी मोहोळला खेपा पडतील, आणि तोवर टेबलावरचा माणूसही बदललेला असेल. तेव्हा सगळ्यात आधी सेवापुस्तक. दुय्यम प्रत तुमच्याकडे असेलच. ती घेऊन पंचायत समितीत बसा आणि मूळ प्रतीशी पानागणिक ताडून बघा.

सेवा पडताळणीच्या नोंदी बघा. दरवर्षी वेतनबिलावरून पडताळणी करून सही होणं अपेक्षित असतं. एखाद्या वर्षाची नोंद सुटलेली असते, ती पेन्शनच्या वेळीच सापडते आणि मग त्या वर्षाची जुनी वेतनबिलं शोधत बसावं लागतं. आज ती बिलं त्याच कार्यालयाच्या कपाटात आहेत, म्हणून सही आजच घ्या.

मग वेतननिश्चिती. 1-1-2016 ची सातव्या वेतन आयोगाची निश्चिती नुसती लिहिलेली आहे की वित्त विभागाकडून पडताळणी होऊन शिक्का पडला आहे, हे बघा. शिक्का नसेल तर सेवापुस्तक अक्कलकोटला जाण्याआधी पडताळणीला पाठवायचा आग्रह धरा. निवृत्तीच्या तोंडावर जादा वेतनाची वसुली निघते ती बहुतेक इथूनच. वरिष्ठ श्रेणी (12 वर्षं) आणि निवडश्रेणी मिळाली असेल तर तिच्या आदेशांच्या प्रती सेवापुस्तकात डकवलेल्या असाव्यात. आदेश क्रमांक नुसता लिहिलेला पुरत नाही.

बाकीच्यावर भरभर नजर टाका: दर 1 जुलैची वेतनवाढ, रजा लेखा अद्ययावत, नामनिर्देशन, गटविम्याची वर्गणी, एमएस-सीआयटी, भाषा परीक्षा, जात वैधता (लागू असेल तर).

भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक जिल्ह्यात तोच राहतो, पण वर्गणीचं शेड्यूल आता दुसऱ्या तालुक्यातून जाणार. बदलीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांची वर्गणी खात्यावर न चढणं ही नेहमीची भानगड आहे. पुढच्या वार्षिक स्लिपमध्ये बाराही महिने मोजा. सातव्या आयोगाच्या फरकाचे पाचही हप्ते जमा दिसतात का, तेही त्याच स्लिपवर कळेल.

अंतिम वेतन प्रमाणपत्र नुसतं 'मिळालं' म्हणून घेऊ नका, वाचून घ्या. वेतन कोणत्या तारखेपर्यंत दिलं, आजवर किती आयकर कापला, कर्जाचा कितवा हप्ता झाला आणि किती शिल्लक, हे सगळं त्यावर पाहिजे. पतसंस्थेची कपात सुटली की थकबाकीची नोटीस आधी जामीनदाराला जाते आणि मग वाईटपणा येतो. एलआयसीचे हप्ते पगारातून जात असतील तर कार्यालयाचा कोड बदलेल; मधल्या महिन्यांचे हप्ते स्वतः भरून पावती ठेवा.

शालार्थवर (पगाराची ऑनलाइन प्रणाली) जुन्या शाळेतून डिटॅच आणि नव्या शाळेत अटॅच, ही दोन्ही कामं त्या महिन्याचं बिल तयार होण्याआधी झाली पाहिजेत. नाहीतर पहिला पगार लांबतो. बदली विनंतीची आहे, तेव्हा प्रवासभत्ता आणि पदग्रहण अवधी गृहीत धरू नका.

साखळीखेच

पदभार घेऊच नका. लेखी नकार द्या. या वयात पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहित्या कोणी सांगितल्यात? जादा पैसा एक रुपया नाही.

डेडस्टॉक

@साखळीखेच, वैताग समजतो, पण सल्ला चुकीचा आहे. सेवाज्येष्ठता जिल्ह्याची असते, ती शाळा बदलली म्हणून बदलत नाही. शाळेत ज्येष्ठ त्याच, म्हणून जबाबदारी त्यांच्यावर येणार. सेवेच्या शेवटच्या टप्प्यात लेखी नकार म्हणजे खुलाशाच्या नोटिसा ओढवून घेणं. आजारपणासारखं खरं कारण असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना वैद्यकीय कागदांसह विनंती अर्ज करावा. तोंडी 'बघू' वर थांबू नये.

आता पदभाराचं. पदभार यादीवर एका बैठकीत सही करायची नाही. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि शक्य झालं तर केंद्रप्रमुख समोर असताना दोन दिवसांत मोजून घ्यायचा.

तांदळापासून सुरुवात करा, कारण वांदे तिथेच होतात. पहिली ते पाचवीला रोज दरडोई 100 ग्रॅम. पट 38, रोज 34 हजर धरले तर दिवसाला 3 किलो 400 ग्रॅम, 23 दिवसांत 78 किलो 200 ग्रॅम. या हिशेबाने मागच्या तीन महिन्यांचा खप काढा, आलेल्या मालाच्या पावत्यांतून वजा करा आणि नोंदवहीतली शिल्लक ताडून बघा. मग कोठीतला माल काट्यावर घ्या. पोतं 50 किलोचं म्हणून पोती मोजू नका. शिवण उसवलेली असते, उंदीर लागलेला असतो, एखादं पोतं मुळात कमीच उतरलेलं असतं. हजेरीपट, आहार नोंदवही आणि ऑनलाइन नोंद तिन्हीकडे लाभार्थी संख्या सारखी हवी. तफावत निघाली तर भांडू नका. यादीत लिहा: 'नोंदवहीप्रमाणे इतके, प्रत्यक्ष वजन इतके', आणि खाली दोघींच्या सह्या. डाळ, तेल, मसाले असेच. डाळीला कीड असेल तर तेही लिहा.

जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची कायम नोंदवही) हा शाळेचा सगळ्यात महत्त्वाचा कागद. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद मागायला लोक जुन्या शाळेतच येतात, आणि जन्मतारखेतल्या खाडाखोडीचा जाब त्या वेळी खुर्चीत असेल त्याला द्यावा लागतो. खंड किती, प्रत्येकाची पानं किती, शेवटचा नोंद क्रमांक कोणता, कोणती पानं जीर्ण किंवा गहाळ, हे यादीत आलं पाहिजे. बिनसहीची दुरुस्ती दिसली तर तो नोंद क्रमांकही लिहा. त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दाखल्यांच्या पुस्तकातली कोरी पानंसुद्धा मोजा.

पैशाचं सोपं आहे. कीर्दीची (रोजच्या जमाखर्चाची वही) शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक जुळत नसेल तर न वटलेले धनादेश कोणते ते लिहून घ्या. समितीच्या खात्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्षांची संयुक्त सही असते. आधी सही बदलाचा ठराव, मग बँकेत केवायसी. बँक लवकर करत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात ठराव घ्या. तुमच्या पटाला (31 ते 100) समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान 25 हजारांचं आहे, प्रत्यक्षात वर्ग होईल तेवढंच धरून चाला. 31 मार्चच्या आत खर्च झाला नाही तर ते परत जातं, आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर सही तुमची असेल.

लॉगिन विसरू नका. यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीचं पोर्टल), विद्यार्थी पोर्टल, पोषण आहार, सगळ्यांचा ओटीपी जुन्या प्रभारींच्या मोबाइलवर जातो. मोबाइल क्रमांक बदलेपर्यंत रोज त्यांना फोन करावा लागेल. त्या त्याच शाळेत आहेत म्हणून निभेल, तरी बदल लगेच करून घ्या. यू-डायसवर शिक्षक म्हणून तुमची नोंद मोहोळच्या शाळेने सोडली पाहिजे, नाहीतर नवी शाळा कागदावर एकशिक्षकीच दिसत राहील.

डेडस्टॉकमधले (टिकाऊ सामानाची नोंदवही) बंद पडलेले टॅब, फुटलेल्या सतरंज्या हे 'आहे' म्हणून घेऊ नका. 'नादुरुस्त' असा स्वतंत्र रकाना करा.

सीमेवरची_शाळा

वरच्या दोघांनी कागद सांगितले, मी वर्गाचं सांगते.

द्विशिक्षकीत पहिली-दुसरी एकीकडे आणि तिसरी-चौथी एकीकडे अशीच जोडी ठेवा. पहिली-चौथी एकत्र करून 'मोठी मुलं लहानांना शिकवतील' हा प्रयोग बघायला छान दिसतो, पण मोठ्यांचा अभ्यास बुडतो. एका इयत्तेला 20 मिनिटं थेट शिकवणं, तेवढा वेळ दुसरीला तळफळ्यावर किंवा कार्डांवर काम, मग उलट. कार्डं आदल्या दिवशी तयार पाहिजेत.

कानडीला घाबरू नका. पहिल्या दिवशी पाच-सहा शब्द पुरतात: बा (ये), नीरु (पाणी), ऊटा (जेवण), ओदु (वाच), हौदु (हो), इल्ल (नाही). उच्चार स्वयंपाकाच्या ताईंकडून पक्के करून घ्या, गावच्या बोलीत थोडा फरक पडतो. मुलांना कानडी बोलायची बंदी मात्र घालू नका. बंदी घातलेली पहिलीतली मुलं बोलतच नाहीत, आणि न बोलणाऱ्या मुलाला किती कळलं ते तुम्हाला समजणार नाही.

ठरावीक चुका येणारच, त्यामागचं कारण माहीत असलं की चिडचिड होत नाही. 'माझा पुस्तक', 'खुर्ची मोडला' असं ऐकू येईल. कानडीत स्त्रीलिंगी-पुल्लिंगी भेद माणसांपुरता, निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. फळा तो, पाटी ती, दप्तर ते, हे या मुलांना एकेका वस्तूगणिक शिकावं लागतं. म्हणून शब्द सुटा शिकवू नका; 'ती पाटी', 'तो फळा', 'माझी पाटी', 'माझा फळा' असा जोडीनेच म्हणून घ्या. वर्गातल्या 30 वस्तूंवर चिठ्ठ्या लावल्या आणि तीन रंग वापरले की दोन महिन्यांत फरक दिसतो.

श्रुतलेखनात 'खडू' चं 'कडू' आणि 'भात' चं 'बात' होईल. तिकडच्या बोलण्यात महाप्राण (ख, भ सारखे हवेचा झोत लागणारे उच्चार) सैल पडतात, मुलाच्या कानालाच तो फरक लागलेला नसतो. दहा वेळा लिहून आणायला लावून काही होत नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'क-ख', 'ब-भ' म्हणायला लावा. ख-भ ला कागद हलतो. 'चमचा' मधला च ही 'चहा' सारखा येतो. तो वाचनाने सुधारतो, त्यावर वेळ घालवू नका.

गणितात ही मुलं तुम्हाला चकित करतील. कानडीत 22 म्हणजे 'इप्पत्तेरडु', आधी वीस मग दोन. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस दोन' आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. या मुलांना ती पद्धत घरचीच आहे. दशक-एकक आधी 'चाळीस तीन' असं शिकवा, पक्कं झालं की 'त्रेचाळीस' आणा. उलट केलंत तर त्रेचाळीस ऐकून मूल 34 लिहितं, आणि त्याला गणित येत नाही असा शेरा बसतो.

अर्ध्या दिवसापुरती अंगणवाडीच्या सेविकेला वर्गात बोलवा. पहिलीत येणारी मुलं तिने दोन-तीन वर्षं सांभाळलेली असतात. कोणतं मूल मराठी समजतं पण बोलत नाही, कोणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे तिला पाठ असतं. ऊसतोडीच्या मुलांची यादी ऑक्टोबरच्या आत लागते, मुलं गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. कागदाची पट्टी उद्यापासून दप्तरात. दोन शंका उरल्या: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला लागू होतो का? आणि शनिवारी कार्यमुक्त होऊन सोमवारी हजर झाले तर मधल्या रविवारचं काय?

हिशेबनीस

टीईटी: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा. त्या तारखेला ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली होती त्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येतं, पदोन्नती मात्र मिळत नाही. मे 2029 म्हणजे तुम्ही त्यात बसता. पदोन्नतीसाठी नाव आलं तरच विचार करा.

आयकराचं मघाशी राहिलं. दोन तालुक्यांचे टॅन (कर कापणाऱ्या कार्यालयाचा क्रमांक) वेगळे, म्हणून फॉर्म 16 दोन्हीकडून घ्यावा लागेल. जुनी करप्रणाली हवी असेल तर नव्या कार्यालयाला लेखी द्या, नाहीतर ते नवीच धरून कापतील. व्यवसायकर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. बदलीच्या महिन्यात दोन्हीकडून कापला जातो, तेव्हा वर्षाची बेरीज करून बघा.

रविवार: कार्यमुक्ती मध्यान्हानंतर आणि हजर मध्यान्हपूर्व असेल, तर मधल्या रविवारची 'सार्वजनिक सुट्टी' अशी नोंद सेवापुस्तकात त्याच ओळीत घ्या, नाहीतर पुढे कोणीतरी त्याला खंड म्हणतं. त्यापेक्षा शुक्रवारी शाळा सुटल्यावर कार्यमुक्त व्हा आणि शनिवारी सकाळच्या शाळेला अक्कलकोटला हजर व्हा. म्हणजे रविवारचा प्रश्नच उरत नाही, आणि कोठीतलं वजन करायला शनिवारची दुपार मोकळी मिळते.