संकटात श्रद्धेचा आधार: बळ की पळवाट?

चर्चाप्रस्ताव
अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढणाऱ्या माणसाच्या हाती करण्यासारखे फारसे काही नसते. औषधोपचार डॉक्टर करत असतात, त्याने फक्त वाट पाहायची. अशा वेळी जो मनातल्या मनात नामस्मरण करतो, तो त्या नामाने रोग बरा करू पाहतो असे मला वाटत नाही. आपण एकटे नाही एवढी ग्वाही तो स्वतःला देत असतो, आणि तिच्याच बळावर पहाटे पुढे आलेल्या संमतीपत्रावर न डगमगता सही करतो. या बळाला भाबडेपणा म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही.

प्रतिसाद १
सही करण्याचे धैर्य त्याचे, श्रेय मात्र देवाचे! शिवाय बहुतेक श्रद्धावान नुसत्या ग्वाहीवर थांबत नाहीत, त्यांना गुणही हवा असतो. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्यासाठी इतर लोक प्रार्थना करत आहेत हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांमध्ये गुंतागुंत उद्भवली. ज्यांना याची खात्री नव्हती, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण प्रार्थना झालेल्यांमध्ये ५२ टक्के आणि न झालेल्यांमध्ये ५१ टक्के निघाले.

प्रस्तावकाचे उत्तर
आकडे मान्य. पण ती परीक्षा परक्यांनी केलेल्या प्रार्थनेची होती, रुग्णाच्या स्वतःच्या श्रद्धेची नव्हे.

प्रतिसाद २
दोघेही श्रद्धा एकाच प्रकारची असते असे गृहीत धरत आहात. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षे व त्यापुढील वयाच्या ५९६ आजारी रुग्णांची दोन वर्षे पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. देवाने आपल्याला टाकले, तो आपल्यावर प्रेम करतो का, असे प्रश्न ज्यांना छळत होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणजे श्रद्धा तारते तशी पोखरतेही. ‘मागच्या जन्मीचे भोग आहेत’ असे रुग्णाच्या उशाशी बसून सांगणारे नातेवाईक (आणि असे नातेवाईक हटकून भेटतात) त्याच्या दुखण्यात अपराधाची भर घालतात. मात्र देवाशी भांडणे म्हणजे श्रद्धा गमावणे, असेही नाही. दुष्काळात पत्नीचा मृत्यू पाहिलेल्या तुकारामांनी विठ्ठलाला खडे बोल सुनावले, पण त्याची पाठ सोडली नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
तुकारामांचे उदाहरण भांडून टिकलेल्याचे आहे. नवस बोलूनही ज्या आईचे मूल दगावले आणि जी आजही आपले काय चुकले हे शोधत आहे, तिची श्रद्धा तुम्ही चुकीच्या प्रकारात ढकलणार. श्रद्धेने तारले की ती खरी आणि बुडवले की सदोष, असा हिशेब असेल तर श्रद्धा कधी हरणारच नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
हा आक्षेप रास्त आहे. नवसाची बाजू मी घेत नाही, कारण त्यात देवाशी सौदा असतो आणि सौदा फिसकटला की दोष माणसाच्याच माथी येतो. पण त्या आईला ‘तुझे काहीच चुकले नाही’ हे पटवण्यासाठी तिचा देव आधी काढून घेतलाच पाहिजे, हे मला अजूनही मान्य नाही.