८० माणसांचा चहा-फराळ घरीच करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, येत्या रविवारी सासऱ्यांची पंच्याहत्तरी. दुपारी ४ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये चहापान, माणसं ८०, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. केटररला नको म्हटलंय, गेल्या खेपेला एकाने गारढोण वडे वाढले होते.

बेत असा: सुरळीच्या वड्या, ओल्या नारळाच्या करंज्या, चटणी सँडविच आणि कांदेपोहे. करंज्या आदल्या रात्री तळून ठेवीन. सँडविचला आधी लोणी लावलं की पाव चटणीने भिजत नाही, हे ठाऊक आहे. अडतंय ते पोह्यांवर. किलोला १५ बशा धरून साडेपाच किलो पोहे भिजवायचे, पण एकदम केले तर खालचे गिच्च गोळा होतात आणि वरचे कोरडे. दोन-तीन घाण्यांत करू का? की सरळ उपमा बरा?

चहाचं गणित: १०० मिलीचा कप, दुसऱ्यांदा मागणारे धरून १२५ कप, म्हणजे साडेबारा लिटर. दूध ७ लिटर पुरेल ना? आलं घातल्यावर दूध फाटायची भीती वाटते. आणि बिनसाखरेचा वेगळा उकळायचा, की सगळाच बिनसाखरेचा करून साखर बाजूला ठेवायची? (सासूबाईंना हे मुळीच पटत नाहीये.)

मोठ्या प्रमाणावर केलेल्यांनी सांगा.