दीड महिना बस-रेल्वेने भटकंती, मग समुद्रकाठी मुक्काम : दोघांचं नियोजन कसं करावं?

पायपीट
मी आणि एक मित्र, ४५ दिवस. विमान फक्त जाताना आणि परतताना. मधले तीन देश बस, रेल्वे, क्वचित बोटीने पार करायचे. शेवटचे १० दिवस किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात नुसतं पडून राहायचं, असं सध्या ठरतंय. परतीचं विमान तिथून सहा तासांवरच्या शहरातून आहे आणि तारीख बदलता येणार नाही. दोघांनाही डोंगरात चालायची सवय आहे, पण इतका लांबचा प्रवास पहिल्यांदाच.

हे १० दिवस शेवटीच ठेवावेत का? ट्रेकची ६५ लिटरची सॅक घरात आहे, तीच चालेल? जमिनीवरून सीमा ओलांडताना लोकांचं नेमकं काय चुकतं? आणि पैशांचा हिशोब कसा ठेवावा, म्हणजे परत आल्यावरही मैत्री शाबूत राहील?

सीमापार
शेवटी ठेवलेले १० दिवस १० राहत नाहीत. बोट बंद, बस भरलेली, एकाचं पोट बिघडलेलं. दर वेळी एक दिवस कुठून तरी काढावा लागतो आणि तो जिथे काहीच ठरलेलं नाही तिथूनच निघतो. समुद्रावर पोचता तेव्हा हातात चार दिवस उरतात, त्यातला एक कपडे धुण्यात जातो. म्हणून राखीव दिवस समुद्राच्या दिवसांत मिसळू नका, वेगळे लिहा : ३१ प्रवासाचे, ४ राखीव, ८ समुद्राचे, २ परतीच्या शहरात. राखीव वापरले गेले नाहीत तर समुद्राला मिळतील. शेवटचे दोन मात्र त्या शहरातच हवेत. न बदलणारं तिकीट आणि सहा तासांची बस एकाच दिवशी ठेवणं म्हणजे जुगार.

आता सीमा. व्हिसा दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. ३० दिवसांचा असेल आणि ३१ दिवसांच्या महिन्यात १ तारखेला शिरलात, तर बहुतेक ठिकाणी शेवटचा दिवस ३० तारीख, कारण प्रवेशाचा दिवस पहिला धरतात. शेंगेन भागात (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि आलेला नि गेलेला दोन्ही दिवस मोजणीत. ई-व्हिसा असेल तर त्यावर प्रवेशाची ठिकाणं कोणती लिहिली आहेत ते वाचा. बरेचदा त्यात विमानतळ असतात, तुमची रस्त्यावरची चौकी नसते. हे सीमेवर कळलं तर उपाय नाही, मागे फिरावं लागतं.

चौकीवर दोन शिक्के लागतात : आधी निघणाऱ्या देशाचा, मग शिरणाऱ्या देशाचा. दोन कचेऱ्यांत कधी कधी किलोमीटरभर अंतर असतं. गर्दीबरोबर चालत पहिली ओलांडून गेलात तर दुसरी परत पाठवते. काही बसमध्ये वाहकच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून नेतो. ते परत मिळाले की बस हलण्याआधी शिक्का आणि तारीख तपासा. चुकलेली तारीख तिथल्या तिथे दुरुस्त होते. देश सोडताना तीच चूक मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा दंड बनते. उतरताना बसच्या नंबरचा फोटो काढा आणि छोटी पिशवी बरोबर घ्या, कारण बस पलीकडे कुठे थांबेल याचा नेम नसतो.

पासपोर्टला प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं असू द्या. पीतज्वराचा दाखला लागणारा देश वाटेत असेल तर लस किमान १० दिवस आधी घ्या, दाखला त्यानंतरच लागू होतो. एकदा घेतली की तो आयुष्यभर चालतो, हा नियम ११ जुलै २०१६ पासूनचा आहे.

भारवाही
६५ लिटरची घरीच ठेवा. मोठी सॅक रिकामी राहत नाही, हा तिचा दोष. तंबू आणि स्टोव्ह नसेल तर ४० लिटर पुष्कळ झाले, पाणी धरून ८-९ किलो. शिवाय तेवढी सॅक बऱ्याच बसमध्ये मांडीवर किंवा पायाशी मावते.

भरताना हलकं आणि रात्रीच लागणारं तळाला. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये येतील अशा. जड काही बाहेरच्या खिशात गेलं की सॅक मागे ओढते, तुम्ही पुढे वाकता आणि तिसऱ्या दिवशी मान धरते. चढवताना आधी सगळे पट्टे सैल करा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे ओढा, मग वरचे छोटे, शेवटी छातीचा. डोंगरात फिरणारेही उलट क्रमाने करतात आणि खांद्यांना दोष देतात.

दोघं आहात म्हणून काय वाटून घ्यायचं? साबण, औषधं, कपडे वाळवायची दोरी, चार्जरचं अडॅप्टर. पैसे, कार्ड, पासपोर्टच्या प्रती आणि पुढच्या मुक्कामाचा कागदावर लिहिलेला पत्ता मात्र दोघांकडे स्वतंत्र. एक बसमध्ये आणि एक फलाटावर राहिला, तर प्रत्येकाला एकट्याने रात्र काढता आली पाहिजे. बसमध्ये छोटी पिशवी डोक्यावरच्या फळीवर ठेवू नका, सीटखालीही नको, मागच्या सीटवरून हात सहज पोचतो. पट्ट्यात पाय अडकवून मांडीवर.

निवांत
रात्रीच्या बसबद्दल कोणी बोललं नाही. खोलीचे पैसे वाचतात खरे, पण पहाटे चारला पोचून दुपारी दोनपर्यंत खोली मिळत नाही आणि तो दिवस झोपेत जातो. सलग दोन रात्री तर नकोच. दोघांचं भांडण होतं ते साधारण तिसऱ्या दिवशी, झोप कमी झाल्यावर.

हिशोबासाठी समाईक पाकीट सगळ्यांत सोपं. दोघांनी सारखी रक्कम घालायची. खोली, एकत्र जेवण, टॅक्सी त्यातून. वैयक्तिक काही नाही. संपत आलं की दोघांनी पुन्हा सारखी भर घालायची. 'मी दिले, मग तू दे' यात नेहमी एकालाच जास्त आठवतं. सीमा आली की पाकीट रिकामं करून निम्मं-निम्मं करा, नव्या चलनात नव्याने सुरू. खोलीची कमाल किंमत निघण्याआधीच ठरवा. एकाला पंखा पुरतो आणि दुसऱ्याला एसी लागतो, हे रात्री दहाला, पाठीवर सॅक असताना कळू नये. आणि आठवड्यातून एक दिवस दोघांनी वेगळं फिरायचं, रुसवा नाही.

पायपीट
सगळ्यांचे आभार, दिवसांची विभागणी लगेच बदलली. एक राहिलं : दोघांनाही तलावात, विहिरीत पोहता येतं, समुद्रात कधी उतरलो नाही. काय काळजी घ्यावी?

ओहोटी
विहिरीत पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं यांचा संबंध कमी. समुद्रात घात करते ती किनाऱ्यापासून आत नेणारी ओढ, रिप करंट. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून वेगाने बाहेर पडतं. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. उतरण्याआधी जरा उंचावर उभं राहून दहा मिनिटं पाणी बघा. फेस किंवा गढूळ वाळू आत जाताना दिसली तर ती जागा सोडा.

ओढ माणसाला खाली ओढत नाही, दूर नेते. तिचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, एवढं कोणीच पोहत नाही. लोक बुडतात ते किनाऱ्याकडे सरळ पोहून दमल्यामुळे. सापडलात तर आधी तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटतायत तिकडे सरका आणि त्यांच्याबरोबर बाहेर या.

दोघं असाल तर सगळ्यांत महत्त्वाचं : मित्र सापडला म्हणून रिकाम्या हाताने उडी मारू नका. वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना पुष्कळ. जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारं काहीही, बंद रिकामा कॅनसुद्धा, त्याच्याकडे फेका आणि नजर हलवू नका. म्हणूनच दोघांनी एकाच वेळी उतरू नये. प्यायल्यावर तर कोणीच नाही.

झेंडे : वर लाल, खाली पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मध्ये पोहायचं. नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा म्हणजे तो भाग सर्फबोर्डवाल्यांचा. जांभळा म्हणजे पाण्यात डंख करणारे जीव.

एक गोष्ट लांबच्या प्रवाशांच्या लक्षात येत नाही. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्वचा उन्हाला नाजूक होते आणि नेहमीपेक्षा फार लवकर भाजते. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, अख्ख्या अंगाला साधारण ३० मिलिलिटर, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. डासांचं मलम त्यावर, आधी नाही.

भारवाही
खाऱ्या पाण्याचे कपडे नुसते वाळत घालू नका. मीठ हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ते दोन दिवसांनीही दमट लागतात आणि सॅकमध्ये कुबट होतात. आधी गोड्या पाण्यातून काढा. सॅकच्या चेनसुद्धा निघण्याच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर मीठ बसून अडकतात. फोनचं चार्जिंगचं भोक ओलं असताना पिन लावू नका, आतले धातूचे दात गंजतात.

सीमापार
समुद्राच्या मुक्कामात स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, म्हणजे डाइव्ह) करणार असाल तर तो पहिल्या चार-पाच दिवसांत उरका. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह असतील तर १८ तास विमान नको, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण उंच घाटातून जाणारी बसही त्यातच येते : चढावर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. तुमचा सहा तासांचा रस्ता डोंगरातून जातो का, ते नकाशात उंचीसकट बघून मगच डाइव्हचा दिवस ठरवा.